धूर सादळतो

१४ डिसेंबर, सकाळी ५.५०

चौथ्या पायरीवर आहे. पाचवी मोडकी. शिडी धरायला कोणी नाही, म्हणून डावा हात पत्र्याला, वही गुडघ्यावर. हवेतला धूर मोजायचं मीटर २१२ दाखवतंय. पडद्यावरचं तोंड लाल, रडकं. आर्द्रता ९१ टक्के. खाली बंब छान पेटलाय, दहा मिनिटांत पाणी होईल. आतून इंदिराचा खोकला येतोय. मोजतोय. एकोणीस.

डोळ्यांत धूर जातोय. हिरालालच्या भट्टीचा. भट्टी नऊ वाजता सुरू होते हे खरं, पण कालचा धूर धुक्यात अडकून राहत असणार. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

वीस.

१४ डिसेंबर, दुपारी

शिडीवरचं अक्षर मलाच लागत नाही. इथून पुढे खाली उतरून लिहायचं.

डॉक्टर नोव्हेंबरात म्हणाले, यांना धुरापासून दूर ठेवा. दम्याचा असा अ‍ॅटॅक पुन्हा आला तर माझ्या हातात राहणार नाही. इंदिरा तेव्हा चार दिवस अ‍ॅडमिट होती. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा घरातला चहा मी केला. आता ती पहाटे उठून खाटेवर बसते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि श्वास ओढते. मुलगी चारुता नागपूरला. म्हणजे सगळं माझ्यावर. धूर कुठून येतो ते शोधायचं आणि बंद करायचं. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. हवा, धुकं, वारे हे मला कुणी सांगायला नको.

शोधण्यासारखं फार नाहीही. मागच्या भिंतीपलीकडे हिरालालची फुटाण्याची भट्टी आहे. मीटर मुद्दाम न्हाणीच्या पत्र्यावर बसवलं, कारण तिथून भट्टी सरळ दिसते. शेजारी दीड हातावर धुराडं आहे, पण ते आपल्या बंबाचं.

हिरालालशी चौदा महिने बोलणं नाही. त्याने भिंतीवरून ओरडून सांगितलं होतं, सर, तुमच्या बंबाचा धूर माह्या फुटाण्याले लागते जी, गिऱ्हाईक वास घेऊन वापस करून राह्यले. भट्टीवाला मला धुराबद्दल बोलतो.

निश्चय: महिनाभरात भट्टी बंद. रोज तीन रीडिंग: साडेपाच, साडेनऊ, चार.

१५ डिसेंबर

साडेपाच: १९८. साडेनऊ: ७४. चार: डोळा लागला. कालचंच धरलं. काल चारचं घेतलं नव्हतं, पण अंदाज आहे.

१७ डिसेंबर

नगर परिषदेत जाऊन अर्ज दिला. सात पानं. नीलेश आता तिथे स्वच्छता विभागात आहे. माझाच विद्यार्थी, दहावी ब. नकाशात त्याने वर्धा नदी उत्तरेकडे वाहवली होती. उठून खुर्ची दिली. म्हणाला, सर, सात पानं इथे कोणी वाचत नाही, एक करा. मी म्हणालो, सातव्या पानावर ग्राफ आहे. तो म्हणाला, मग ग्राफच द्या.

एकदा प्रत्यक्ष पाहायला येतो म्हणाला. निघताना हळूच विचारलं, सर, त्या माणसाचं पोट आहे त्या भट्टीवर. पक्कं आहे ना? मी म्हणालो, मीटर खोटं बोलत नाही.

२० डिसेंबर

चारुता आली. शहरातला धूर आणि हवेतलं पाणी यांचं एकमेकांशी काय होतं, यावरच तिचं संशोधन चाललंय. तीन वर्षांत मी नीट ऐकलं नव्हतं. आज वही घेऊन बसलो.

म्हणाली, बाबा, धुराचा कण म्हणजे खडा नव्हे. लाकूड, कचरा, डिझेल, काहीही जळलं की हजार तऱ्हेचे पदार्थ हवेत जातात. काही तेलकट, पाण्याला जवळ येऊ न देणारे. काही साखरेसारखे, पाणी ओढणारे. ताजा धूर बेताने ओढतो. तोच हवेत दिवसभर राहिला, ऊन खाल्लं, की त्याची तहान वाढते.

मी म्हणालो, सामान्य माणसाला कळेल असं सांग. ती म्हणाली, पावसाळ्यात फुटाणे सादळतात ना, तसा धूर सादळतो. कण पाणी पितो आणि फुगतो. तुमचं मीटर प्रकाशावर चालतं, त्याला फुगलेला कण दिसतो, आतलं पाणी वेगळं कळत नाही.

फुटाण्याचं उदाहरण तिने आपणहून दिलं. मी सुचवलं नव्हतं. नोंद असावी.

पुढे म्हणाली, आणि छातीत तर बारा महिने दमट. तिथे गेल्यावर कण आणखी फुगतो, आतच बसतो. आई ते ओढतेय. मग एकदम विचारलं, तुम्ही बंब किती वाजता पेटवता?

एवढी शिकली, पण मधेच विषय सोडायची सवय गेली नाही.

२१ डिसेंबर

मोठा दिवस. सकाळपासून विचार करत होतो, अकरा वाजता सुचलं.

पहाटे मीटरला जे दिसतं त्यात पाणी असतं. पाणी म्हणजे प्रदूषण नव्हे. म्हणून पहाटेच्या रीडिंगला चारने भागायचं. साडेनऊला ऊन असतं, हवा कोरडी, तिथे भागायचं कारण नाही.

पहाट: २०४ भागिले ४, म्हणजे ५१. साडेनऊ: ७८. भट्टी दोषी. ग्राफ फार देखणा आलाय.

चारच का, असं कोणी विचारेल. पाचने भागलं तर फारच कमी येतं, संशय येईल. या आकड्याला माझ्या नावावरून कृष्णकांत गुणक असं नाव दिलं. चारुता गाडीत होती, फोन करून सांगितलं. तिने गुणकाचं नाव दोनदा परत विचारलं. भारावली असावी.

मग म्हणाली, बाबा, एक दिवस बंब पेटवू नका. फक्त एक दिवस. माझ्यासाठी.

२४ डिसेंबर

तिच्या हट्टासाठी आज बंब बंद. पहिला तांब्या अंगावर घेतला तेव्हा तोंडातून जे निघालं ते लिहीत नाही.

साडेपाच: ५८. पडद्यावरचं तोंड पिवळं, ना हसरं ना रडकं. इंदिरा चार वेळा खोकली. साडेसहाला उठून तिने स्वतः चहा केला, आणि पायरीवर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवलं. मला उभे सातमध्ये अडकले म्हणून विचारलं. नोव्हेंबरनंतर प्रथमच.

योगायोग. वारा उत्तरेचा होता. शिवाय हिरालालला कुणकुण लागली असणार, मुद्दाम कमी माल भाजला. (भट्टी दिवसभर चालू होती. पण चालू असणं वेगळं आणि भाजणं वेगळं.)

दुपारी तीन शिंका आल्या. उद्यापासून बंब पूर्ववत. मी आजारी पडलो तर इंदिराकडे कोण बघणार?

२६ डिसेंबर

बापूराव आंजीहून बंबाच्या जळणासाठी पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, खेप घेऊन आले. इंदिराचा धाकटा भाऊ, दहा एकर कापूस. ट्रॅक्टर अंगणात लावला आणि म्हणाले, भाऊजी, आता सारे लोक पऱ्हाटी मशीनमंधी कुटून वावरातच टाकते. तुमच्यासाठी म्हणून एक गंजी राखून ठेवतो. आमच्या घरी तर सोलर आहे, नळ सोडला का गरम पानी.

मी म्हणालो, तांब्याच्या बंबातल्या पाण्याची सर सोलरला नाही. बाबांनी हे घर बांधलं त्याच वर्षी हा बंब घेतला. पितळी तोटी अजून एक थेंब गळत नाही.

बापूराव बहिणीकडे बघत होते. म्हणाले, कशी सुकली ही. चार दिवस नेऊ का भाऊजी आंजीले? मी म्हणालो, खेड्यात धूळ फार.

इंदिरा म्हणाली, बापू, चहा घेऊन जा. एवढं बोलून तिला दम लागला.

२८ डिसेंबर

काल पाऊस झाला. गंजी भिजली. ओल्या पऱ्हाट्या धरेनात, म्हणून खाली दुधाच्या पिशव्या घातल्या. घरातल्या प्लास्टिकचाही प्रश्न सुटतो. धूर पिवळट आणि जड, वर जाईना, न्हाणीतून बोळात आणि बोळातून आत लोळत राहिला. बाहेर दाट धुकं. मीटर ३१०. चारने भागून ७७.५. साडेनऊला ८१. थोडक्यात का होईना, भट्टीच पुढे.

इंदिराने श्वासाचा पंप दोनदा ओढला. पंप संपत आलाय. निश्चय: उद्या नवा आणणे.

पहिली बादली तिच्या दाराशी ठेवली. लग्नानंतर बंबाची पहिली बादली मी कधी स्वतः घेतलेली नाही. ती तिची. ती म्हणाली, अहो, एक सांगू? गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं तर नाही का चालणार? वाक्य संपवायला दोनदा थांबली. मी म्हणालो, पातेल्याने तुला पुरेल का? तुझ्यासाठीच तर करतोय हे सगळं. ती बादलीकडे बघत राहिली. पटलं असावं.

३० डिसेंबर

चारुता दोन दिवस राहून गेली. येताच तिने बापूरावांच्या शेतातल्या कापसाचे दोन सारखे पेळू घेतले. एक हिरालालच्या भिंतीवर टांगला, एक आईच्या खिडकीत. आज दोन्ही काढून दोन काचेच्या पेल्यांत पाण्यात पिळले.

भिंतीवरच्याचं पाणी किंचित मळकट. खिडकीतल्याचं पाणी कोऱ्या चहासारखं.

मी म्हणालो, पेले बदलले असतील. ती म्हणाली, मी इथेच बसले होते बाबा. मी म्हणालो, मग कापसाचाच रंग. ती म्हणाली, दोन्ही एकाच बोंडातले आहेत.

इंदिराने पेला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. विचारलं, हे मी ओढते? चारुताने पेला तिच्या हातातून काढून घेतला.

चारुता ते पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. लाकूड जळलं की त्यातली साखर धुरात उतरते, ती पाण्यात विरघळते, तीच शोधणार म्हणाली. मी म्हणालो, आईला शुगर नाही, नोव्हेंबरातच तपासली. ती पिशवी उचलून स्टेशनवर गेली. गाडीला दीड तास होता.

पंप राहिला.

२ जानेवारी

नीलेशचा फोन. सहा तारखेला पाहायला येतो, अकरा वाजता चालेल का? मी म्हणालो, सकाळी सातला ये, तेव्हा मीटर जोरात असतं. तो म्हणाला, सर, भट्टी तेव्हा सुरू नसते ना? मी म्हणालो, तीच तर भट्टीची लबाडी आहे. तो हो म्हणाला. दहावी बमध्येही असाच हो म्हणायचा.

औषधाच्या दुकानापर्यंत गेलो, ते जेवणासाठी बंद. पंप उद्या.

३ जानेवारी

नगर परिषदेचं पत्र हिरालालला पोचलं. सकाळी भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. म्हणाला, सर, काऊन माह्या मागं लागून राह्यले? इकडे येऊन पाहा तरी एकडाव. दोन पावलाचं अंतर आहे.

मी मीटर पुसत राहिलो. चौदा महिन्यांचा नियम मोडायचा नाही.

थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाला, काकूचा खोकला मले सकाळी तिकडे ऐकू येते. आज लय झाला. डाक्टरले दाखवलं का जी?

चौकशीच्या तीन दिवस आधी बरी आठवण झाली.

इंदिरा आज उशीला टेकून बसूनच झोपली. आडवं झालं की छाती दाबल्यासारखं होतं म्हणाली. दुकान उघडं होतं, पण ग्राफ रंगवायचा होता.

५ जानेवारी, संध्याकाळी

चारुताचा फोन. सापडली म्हणाली, लाकडाची साखर, खिडकीतल्या कापसात, भिंतीवरच्यापेक्षा अकरा पट. शिवाय प्लास्टिक जळल्याच्या खुणा. बाबा, तो धूर भट्टीचा नाही. तो दमट हवेत पाणी पिऊन आईच्या छातीत जाऊन बसतो. उद्या बंब पेटवायचा नाही. ऐकताय ना? मी म्हणालो, ऐकतोय. ती म्हणाली, वचन द्या. मी म्हणालो, बघू. ती रडत होती की नेटवर्क खराब होतं, कळलं नाही.

विचार केला. नीलेश उद्या येणार. नेहमीची परिस्थिती बदलून पाहणी करणं हे शास्त्र नव्हे. सगळं रोजच्यासारखंच ठेवलं पाहिजे. शिवाय पाहुण्याला हात धुवायला गरम पाणी हवं.

इंदिराची पूर्ण काळजी घेतलीय. तिची खिडकी गच्च लावून फटीत कागद कोंबले, म्हणजे भट्टीचा धूर आत येणार नाही. न्हाणीचं दार मात्र बोळाकडे उघडं ठेवायचं, नाहीतर बंबाला हवा मिळत नाही.

६ जानेवारी, सकाळी ५.१०

बंब पेटवला. पऱ्हाट्या अजून दमट. पिशव्या सहा. धुकं इतकं, की न्हाणीतून भिंत दिसत नाही. उत्तम.

५.४५

४३०. आर्द्रता ९७. असं रीडिंग आजवर नाही. इंदिराचा खोकला चाळीसपर्यंत मोजला. मग शिडी चढायची होती.

६.१५

९९९. त्यापुढे मीटरला आकडेच नाहीत. नीलेशने आत्ताच यायला हवं होतं.

खोकला थांबला. खिडकी लावल्याचा परिणाम.

६ जानेवारी, सकाळी ११, दवाखाना

क्रमाने लिहितो.

सव्वासहाला पहिली बादली घेऊन गेलो. खोलीत समोरचं कपाट धूसर दिसत होतं. इंदिरा खाटेच्या काठावर होती. खोकत नव्हती कारण खोकायला श्वास नव्हता. ओठ जांभळे. हाताने न्हाणीकडे दाखवत होती. मला वाटलं पाणी हवंय, बादली जवळ सरकवली. तिने ती पायाने ढकलली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

पंप शोधला. दाबला. रिकामा.

मी हाक मारली असावी. कुणाला ते आठवत नाही. हिरालाल भिंतीवरून उडी मारून आला. म्हणाला, बाजूले सरका सर, काकूले हवा लागू द्या. त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि पुढच्या दाराने बाहेर रस्त्यावर नेऊन बसवलं. परत आला, खाटेजवळची तिची बादली उचलली आणि बंबाच्या विस्तवावर ओतली. मी म्हणालो, अरे, ती पहिली बादली आहे. त्याने रिकामी बादली माझ्या हातात दिली. मग म्हणाला, पाय उचला जी, टेम्पो काढतो.

टेम्पोत फुटाण्याची पोती होती. इंदिरा त्यांना टेकून बसली होती. मी तिचा हात धरला होता. तिने माझा धरला नव्हता.

आता ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी वीस मिनिटं झाली असती तर. वाक्य पुरं केलं नाही. मशीनमधून औषधाची वाफ देतायत. म्हणजे औषधसुद्धा पाण्यातूनच आत जातं. पाणी निर्दोष आहे हे माझं म्हणणं डॉक्टरांनाही मान्य दिसतं.

६ जानेवारी, दुपारी

नीलेश दवाखान्यात आला. बरोबर सातला पोचला होता म्हणे. घर उघडंच होतं, मीटर ९९९ वर होतं. भिंतीपलीकडे जाऊन भट्टी पाहिली. थंडगार. खाली सिलेंडर. हिरालालच्या बायकोने सांगितलं, दसऱ्यापासून गॅसवरच हाय.

नीलेश माझ्याकडे न बघता म्हणाला, सर, आजूबाजूला दुसरं काही पेटलेलं नव्हतं. मग धूर कोणाचा लिहू?

मी म्हणालो, जुना असेल. तहानलेला धूर हवेत बरेच दिवस राहतो. तो म्हणाला, दसऱ्यापासून?

९ जानेवारी

डिस्चार्ज मिळाला. मी रिक्षा आणायला गेलो. परत आलो तर बापूरावांची जीप उभी आणि इंदिरा पुढच्या सीटवर. चारुता मागे, मांडीवर औषधांची पिशवी. इंदिरा काच खाली करून म्हणाली, बंब आहे तोवर मी येत नाही. आवाज लहान होता, पण एका दमात बोलली.

मी म्हणालो, अगं, पण आंजीत शेतं जाळतात. बापूराव म्हणाले, भाऊजी, आता कोणी जाळत नाई. सांगितलं ना तुम्हाले, मशीन आहे.

डॉक्टरांना दाखवायला घरून आणलेलं मीटर मी चारुताच्या हातात दिलं. म्हणालो, तिथे लावून बघा, दोन दिवसांत माझं म्हणणं पटेल आणि परत याल. जीप गेल्यावर लक्षात आलं, आता घरी मोजायला काही नाही.

१० जानेवारी

नीलेशचा फोन. सर, तक्रार मागे घेता की कारण म्हणून बंब लिहू? त्याला एक दिवस मागितला.

कपाटाच्या मागे नवाकोरा पंप सापडला. नोव्हेंबरात डॉक्टरांनी दोन दिले होते.

११ जानेवारी, संध्याकाळी

चारुताचा सकाळी फोन आला होता. आंजी, पहाटे साडेपाच: ३६. आर्द्रता ९४. तोंड हिरवं, हसरं. आई नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा आडवी झोपली. सलग सहा तास.

मी म्हणालो, मीटर प्रवासात बिघडलं असेल. तिने फोन आईकडे दिला. इंदिरा म्हणाली, जेवलात का? मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

दुपारी हिरालाल आला. भिंतीवरून नव्हे, पुढच्या दाराने. कागदात फुटाणे, अजून गरम. विचारलं, काकू कशा हायेत? मी सांगितलं. चौदा महिन्यांचा नियम मोडला, पण परिस्थिती अपवादात्मक होती. फुटाण्यांना धुराचा वास नव्हता. तसं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, पाच दिवस झाले, नाई येत. आणि उंबऱ्यातून परत गेला.

संध्याकाळी तोच कागद उघडला. फुटाणे सादळले होते. पाच तासांत. दाताखाली मऊ. हवा एवढी ओली आहे घरातली, मला वाटलं नव्हतं.

तक्रारीचा अर्ज मागे घेतो असं नीलेशला कळवलं. त्याने कारण विचारलं नाही, बरं झालं.

निश्चय: बंब आता कायमचा बंद. आठवड्याभरात तोटी काढून, घासून, माळ्यावर. गीझरवाल्याला उद्याच फोन. मग इंदिराला आणायला स्वतः आंजीला जायचं. हा निश्चय पक्का. आजवरचे सगळे निश्चय मी पाळलेत, पंपाचा अपवाद सोडून.

१२ जानेवारी, सकाळी ६.३०

पाचला जाग आली. बंब पेटवला. हाताला सवय आहे. पाणी झाल्यावर पहिली बादली भरून इंदिराच्या दाराशी ठेवली. ती निवेपर्यंत तिथेच होती. मग उचलून विस्तवावर ओतली. धूर पांढरा झाला आणि बोळात भरला. बोळातच उभा होतो. मला खोकला आला. मोजला. एकोणीस.